चार पत्रकं, मग रशिया, मग पाचवं पत्रक: व्हाईट रोझमधले फौजी वैद्यकीय विद्यार्थी

जुनी_पेटी

व्हाईट रोझ म्हणजे म्युनिकमधल्या विद्यार्थ्यांचा हिटलरविरोधी पत्रकं काढणारा गट. त्याच्याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक सोफी शोलपासून सुरू होतं आणि १८ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिक विद्यापीठाच्या चौकात वरून पत्रकं उधळली गेली तिथे संपतं. मधले साडेतीन महिने एका वाक्यात उरकले जातात: पोरं रशियाला गेली आणि परत आली. हा धागा त्या एका वाक्यासाठी.

आधी माणसं आणि तारखा. हान्स शोल (जन्म १९१८, सोफीचा भाऊ), अलेक्झांडर श्मोरेल (१९१७) आणि विली ग्राफ (१९१८) हे तिघेही म्युनिकच्या लुडविग-माक्सिमिलियान विद्यापीठात वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि त्याच वेळी जर्मन सैन्यात नोकरीलाही होते. हान्स आणि अलेक्झांडरने २७ जून ते १२ जुलै १९४२ या पंधरवड्यात चार पत्रकं काढली, प्रत्येकाच्या साधारण शंभर प्रती. २३ जुलैला त्यांची तुकडी म्युनिकच्या पूर्व स्थानकातून निघाली. वॉर्सॉ, वियाझ्मा आणि मग ग्झात्स्क, म्हणजे मॉस्कोच्या पश्चिमेला सुमारे १८० किलोमीटर. तिथे २५२ व्या पायदळ डिव्हिजनच्या मुख्य मलमपट्टी केंद्रात ते कामाला होते. बरोबर हुबर्ट फुर्टवेंग्लर हाही विद्यार्थी होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत म्युनिक.

ही रवानगी शिक्षा होती असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. तसं नव्हतं. लढाई सुरू झाल्यावर सैन्याला डॉक्टर कमी पडायला लागले आणि डॉक्टर तयार व्हायला तर वर्षं लागतात. म्हणून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या 'स्टुडेंटेनकोम्पानी', म्हणजे विद्यार्थी तुकड्या केल्या. शिपायाचा पगार, गणवेश, ठरलेल्या वेळी हजेरी. बाकीचा वेळ व्याख्यानं आणि वॉर्ड. सुट्टी लागली की आघाडीवरच्या रुग्णालयात उमेदवारी. त्या उमेदवारीला 'फेल्डफामुलाटूर' म्हणत. तिघांचा दर्जा वैद्यकीय शाखेतल्या फेल्डवेबेलचा, आपल्याकडच्या हवालदाराच्या तोडीचा.

मला स्वतःला पटलेला मुद्दा असा: रशियात त्यांना 'जाग आली' हे खरं नाही. जाग आधीच आली होती, चार पत्रकं जाताना मागे ठेवूनच ते गेले. पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंची कत्तल झाल्याचं दुसऱ्या पत्रकात स्पष्ट छापलेलं आहे. रशियाने त्यांना जे दिलं ते वेगळं. त्यावर चर्चा व्हावी. वैद्यकीय बाजू, छपाई, कायदा यांतलं ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घालावी.

शल्यक

चांगला विषय. वैद्यकीय बाजू मी घेतो, कारण "ते वैद्यकीय सेवेत होते" एवढं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो.

जर्मन सैन्यात जखमीचा प्रवास टप्प्याटप्प्याने व्हायचा. प्रत्येक सैनिकाच्या अंगरख्याच्या आतल्या खिशात मलमपट्टीचं बंद पाकीट असे. पहिली पट्टी तो स्वतः किंवा शेजारचा बांधणार. मग कंपनीचा वैद्यकीय शिपाई, मग बटालियनचं केंद्र. तिथे बटालियनचा डॉक्टर रक्तस्राव थांबवणार, खपची बांधणार, मॉर्फिन आणि धनुर्वाताची लस टोचणार. ही लस म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं सीरम. आज आपण आधीच टोचून ठेवतो ती नव्हे. पायदळाला ती आधी देऊन ठेवलेली नसे, म्हणून प्रत्येक जखमीला वेळेत टोचणं आणि टोचल्याची नोंद करणं फार महत्त्वाचं. नोंद राहिली तर पुढच्या ठिकाणी दुसऱ्यांदा टोचणार, आणि घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम दुसऱ्यांदा दिलं की तीव्र प्रतिक्रियेची भीती.

त्यानंतर मुख्य मलमपट्टी केंद्र, 'हाउप्टफेरबांडप्लाट्स'. विद्यार्थी होते ते इथे. आघाडीच्या रेषेपासून साधारण सहा किलोमीटर मागे, शक्यतो रस्त्यालगत आणि पाण्याजवळ. शाळा, मोठं घर, नाहीतर तंबू. एरवी शस्त्रक्रिया करणारे दोन डॉक्टर, गर्दी झाली की मागून आणखी. इथून पुढे २०० खाटांचं फेल्डलाझारेट (आघाडीमागचं रुग्णालय), त्याच्या मागे ५०० खाटांचं क्रिग्सलाझारेट (आणखी मोठं लष्करी रुग्णालय), आणि शेवटी रुग्णांच्या रेल्वेगाडीने जर्मनी.

जखमीच्या गळ्यात किंवा गुंडीला एक चिठ्ठी अडकवत. तिला दोन लाल पट्ट्या, फाडून काढता येणाऱ्या. दोन्ही पट्ट्या शाबूत म्हणजे याला हलवायचं नाही. एकच राहिली तर गाडीने नेण्याजोगा. एकही नाही तर स्वतः चालू शकतो. साधी युक्ती आहे, पण अंधारात, ओल्या हाताने पट्टी चुकून फाटली की पोटाला गोळी लागलेला माणूस खड्ड्यांच्या रस्त्याने ट्रकमध्ये चढवला जायचा. पोटाच्या जखमेला पहिल्या काही तासांत शस्त्रक्रिया मिळाली तरच आशा. बारा तास उलटले की शक्यता झपाट्याने घसरते.

रानवाट

माहिती उत्तम. पण विद्यार्थी प्रत्यक्षात काय करत? शिकाऊ पोरांना शस्त्रक्रिया थोडीच करू देत असतील.

शल्यक

@रानवाट, नाही. उमेदवाराची कामं ठरलेली: कपडे कापून जखम उघडी करणं, साबणपाण्याने भोवतालची कातडी धुणं, हातपाय धरणं, भूल देणं, प्लास्टर, इंजेक्शनं, नोंदी.

यातलं भूल देणं सर्वांत जोखमीचं. तारेच्या सांगाड्यावर जाळीचे थर, ते नाकातोंडावर, आणि वरून इथरचे थेंब. सुरुवातीला हळू, कारण रुग्ण गुदमरतो आणि झटापट करतो. मग वेग वाढवायचा. श्वास सलग आणि खोल झाला की थेंब कमी. डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास, हेच काय ते मोजमाप. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते आणि पेट घेते. केंद्रात उजेडाला रॉकेलचे दिवे आणि उबेला लाकडाची शेगडी. म्हणून दिवा टेबलापेक्षा उंच आणि लांब ठेवायचा, आणि शेगडीचं दार भूल चालू असेतो बंद.

दुसरं, युद्धातली जखम लगेच शिवत नाहीत. मेलेला स्नायू, कापडाच्या चिंध्या, माती काढून ती उघडीच ठेवायची आणि काही दिवसांनी बघायचं. नवशिका हमखास शिवायला जातो, कारण शिवलेली जखम नीटनेटकी दिसते. बंद जखमेत हवा नाही, आणि गॅस गँगरीनच्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. दोन दिवसांत पाय फुगतो, कातडीखाली दाबलं की चरचर लागते, आणि मग मांडीतून कापण्यावाचून इलाज नाही. पेनिसिलिन जर्मनांकडे नव्हतं. सल्फाची भुकटी होती. तिच्यावर त्यांचा भरवसा वाजवीपेक्षा जास्त होता.

हातापायाला रक्त थांबवायला आवळपट्टी बांधली असेल तर वेळ लिहिलीच पाहिजे. दोन तासांपुढे ठेवली तर खालचा भाग मरू लागतो. आघाडीवरून आलेल्या गर्दीत कुणाला आधी आत घ्यायचं हे ठरवताना पहिली नजर त्या चिठ्ठीवरच्या वेळेकडे जाणार.

अनवाणी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

एक शंका. हिटलरविरुद्ध पत्रकं लिहिणारे त्याच हिटलरचे शिपाई बरे करून पुन्हा लढायला पाठवत होते. हा विरोधाभास त्यांना दिसत नव्हता का? की गणवेशाचा आडोसा सोयीचा होता?

जुनी_पेटी

@अनवाणी, दिसत होता. श्मोरेलचं उदाहरण घ्या. तो जन्मला रशियात, ओरेनबुर्गला. वडील जर्मन डॉक्टर, आई रशियन. आई लवकर गेल्यावर रशियन दाईने सांभाळला. घरी रशियन बोलत, धर्म ऑर्थोडॉक्स. सैन्यात भरती झाल्यावर हिटलरच्या नावाची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने मोकळं करा अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. पुढे गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या चौकशीत त्याने सांगितलं ते साधारण असं: रशियनांवर बंदूक चालवायची वेळ आली असती तर मला जमणार नाही हे वरिष्ठांना सांगावं लागलं असतं, वैद्यकीय शाखेत असल्याने ती वेळच आली नाही. म्हणजे हा आडोसा त्याने जाणूनबुजून वापरला, आणि त्याची मर्यादाही त्याला ठाऊक होती.

बरा झालेला शिपाई पुन्हा लढायला जातो, याला उत्तर नाही. पण वैद्यकीय शाखा सोडली तर हातात बंदूक, नकार दिला तर लष्करी न्यायालय आणि बहुधा मृत्युदंड. तिसरी वाट त्या काळात फार थोड्यांना मिळाली.

भूगोल_पक्का

वॉर्सॉबद्दल भर घालतो. गाडी म्युनिकहून २३ जुलैला निघाली. वॉर्सॉच्या घेट्टोतून (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून) ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला माणसं नेणं सुरू झालं ते २२ जुलैला. म्हणजे ही मुलं वॉर्सॉत उतरली तेव्हा ते रोज चालू होतं. घेट्टोची भिंत आणि रस्त्यावरची उपासमार त्यांनी पाहिली. ग्राफच्या डायरीत आणि पत्रांत तो धक्का उमटलेला आहे, आणि हान्सनेही घरी लिहिलं की इथे फार काळ राहणं सोसणार नाही.

ग्राफचं वेगळं आहे. तो जानेवारी १९४० पासून वैद्यकीय शिपाई. फ्रान्स, बेल्जियम, युगोस्लाव्हिया करून जून १९४१ मध्ये रशियात, तिथून एप्रिल १९४२ ला म्युनिकच्या विद्यार्थी तुकडीत. म्हणजे पहिला रशियन हिवाळा त्याने आघाडीवर काढला होता. हान्ससाठी रशिया नवा, अलेक्झांडरसाठी घर, विलीसाठी परत त्याच जागी जाणं. एकाच डब्यातून गेले तरी तिघांचा रशिया एक नव्हता.

वियाझ्मात युद्धकैद्यांना पुढे पाठवण्याआधी ठेवण्याची 'दुलाग १८४' ही छावणी होती. १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत जर्मनांच्या हाती लागलेल्या सोव्हिएत कैद्यांपैकी सुमारे वीस लाख मेले होते, बहुतांश भुकेने, थंडीने आणि साथींनी. मुलं त्याच रस्त्याने पुढे गेली.

शल्यक

साथींचा उल्लेख झाला म्हणून. आघाडीवर बंदुकीइतकीच भीती उवांची. अंगावरच्या उवांनी पसरणारा टायफस (विषमज्वर म्हणजे टायफॉइड, तो वेगळा, मराठी लेखांत दोन्हींची सर्रास गल्लत होते). ऊ चावून रोग होत नाही. ती चावताना विष्ठा टाकते आणि माणूस खाजवून ती कातडीत चोळतो. दहा ते चौदा दिवसांनी कडक ताप, असह्य डोकेदुखी, पाचव्या दिवसाच्या सुमारास धडावर पुरळ, आणि मग बरळणं. चेहरा आणि तळवे सहसा कोरे राहतात. वैद्यकाला ओळखायला ही खूण उपयोगी.

उवांना तापलेलं अंग आवडत नाही. रुग्णाला ताप चढला की त्या त्याला सोडून शेजाऱ्याच्या अंगावर जातात. म्हणून रुग्णाला आत घेतल्यावर लगेच कपडे काढायचे, केस उतरवायचे, अंग धुवायचं आणि कपडे कोरड्या उष्णतेत टाकायचे. इथे नेहमी होणारी चूक: गठ्ठा बांधून भट्टीत टाकणं. बाहेरचा थर तापतो, आतल्या शिवणीतल्या लिखा जिवंत राहतात. कपडे सुटे टांगले तरच उपयोग.

लस होती, पण अपुरी. ल्व्होव्हमधली वायगलची लस उवांच्या आतड्यांपासून बनत असे आणि एका माणसाच्या पूर्ण लसीकरणाला नव्वदच्या आसपास उवा लागत. त्यामुळे ती आधी डॉक्टर आणि शुश्रूषा करणाऱ्यांना.

खिळेजुळणी

आता छपाईकडे येऊ का? जुनी_पेटी म्हणतात ते 'रशियाने काय दिलं' याचं उत्तर मला पत्रकांच्या आकड्यांत दिसतं. जुलैत शंभर प्रती. जानेवारी १९४३ च्या पाचव्या पत्रकाच्या सहा ते नऊ हजार.

दोन्ही वेळा यंत्र एकाच जातीचं: टंकयंत्र आणि हाताने फिरवायचं सायक्लोस्टाईल. मेणकागद टंकयंत्रात घालायचा, फीत बाजूला करायची म्हणजे अक्षराचा ठसा थेट मेणावर उमटतो आणि मेण कापलं जातं. जोर सारखा हवा. हलका पडला तर शाई झिरपत नाही, जोरात पडला तर 'ओ', 'ई' अशा बंद अक्षरांचा आतला गोल तुटून पडतो आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. चुकलं तर मेणाचा द्रव लावून वाळवायचं आणि पुन्हा टंकायचं.

शंभर प्रतींना मेणकागदाची चिंता नाही. हजारांच्या पुढे तो वरच्या पकडीपाशी फाटायला लागतो, ओळी ताणल्या जातात. सहा हजारांना तोच मजकूर पुन्हा पुन्हा नव्या मेणकागदावर टंकावा लागतो. त्यात शाई शोषणारा कागद हवा. गुळगुळीत कागदावर शाई पसरते आणि वरच्या प्रतीच्या पाठीला लागते. युद्धात कागद दुर्मीळ. एका दुकानातून हजार तावांची मागणी केली की दुकानदाराला प्रश्न पडणारच. पाकिटं, तिकिटं, मेणकागद, सगळं थोडंथोडं, वेगवेगळ्या दुकानांतून. हाच या कामातला सर्वांत वेळखाऊ भाग. फिरवायला दोन रात्री पुरतात, जमवायला आठवडे.

पैसाही लागतो. रशियाहून परतल्यावर त्यांनी स्टुटगार्टच्या ऑयगेन ग्रिमिंगरकडे मदत मागितली. त्याने ५०० मार्क दिले. त्या पाचशेपायी त्याला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली.

अवांतर: आपल्याकडे त्याच १९४२ च्या ऑगस्टपासून भूमिगत पत्रिका सायक्लोस्टाईलवरच निघत होत्या, आणि अडचणीही ह्याच: मेणकागद आणि कागदाची खरेदी.

टपालखातं

@खिळेजुळणी, पाकिटांवरून पुढे. जर्मन टपालाचा तेव्हाचा दर गावातल्या गावात ८ पफेनिग (मार्कचे शंभर पफेनिग) आणि बाहेरगावी १२. हजार पत्रं म्युनिकहून बाहेर टाकली तर १२० मार्क, त्या त्या शहरात जाऊन टाकली तर ८०. शिवाय म्युनिकचा शिक्का बसत नाही, तेव्हा गेस्टापोला वाटतं की चळवळ अनेक शहरांत आहे. पैसे वाचले आणि फसवणूकही झाली.

पत्ते मिळाले म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये, तिथे इतर शहरांच्या पत्त्यांची पुस्तकं बघायला मिळत. २५ जानेवारीला सोफीने आउग्सबुर्ग आणि उल्म घेतलं. दुसऱ्या दिवशी श्मोरेल साल्झबुर्ग, लिंझ, व्हिएन्ना. उल्ममध्ये हान्स हिर्झेलने मार्टिन लुथर चर्चच्या ऑर्गनमागे बसून स्टुटगार्टची पाकिटं तयार केली. शाळकरी मुलगा होता तो.

नेण्याची पद्धत: पेटी एका डब्यात, माणूस दुसऱ्यात. तपासणी झाली तर बेवारस पेटी.

रानवाट

आघाडीवरची टपालसेवा फुकट होती ना? मग तीच का नाही वापरली? हजारो सैनिकांपर्यंत थेट पोचता आलं असतं.

टपालखातं

पत्रं फुकट होती. पण मागे पाठवणाऱ्याचं नाव, दर्जा आणि तुकडीचा टपाल क्रमांक लागतो. खोटा क्रमांक घातला तर वाटपातच उघडं पडणार. तपासणी कार्यालयं सगळी पत्रं उघडत नसत, नमुना म्हणून काही उघडत, पण एकसारखी शंभर पाकिटं नजरेतून सुटत नाहीत. आणि सापडलं तर आरोप सैन्याचं मनोबल खच्ची केल्याचा. त्याला मृत्युदंड होता.

घरच्या पत्रांतही ते जपूनच लिहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये हान्सचे वडील रोबर्ट शोल यांना हिटलरबद्दल कचेरीत काढलेल्या उद्गारांसाठी चार महिन्यांची कैद झाली. आईने मुलांना लिहिलं की आघाडीवरच्या शिपायांनी दयेचा अर्ज केला तर वजन पडेल. धाकटा भाऊ व्हेर्नरही तिथेच ग्झात्स्कच्या परिसरात तैनात होता. हान्सने अर्ज करायला नकार दिला.

मुक्तछंद

आपल्या द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाली. सोलापूरचे, १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. जवळपास हाच काळ.

अनवाणी

@मुक्तछंद, काळ तोच, बाकी काही जुळत नाही. कोटणीस स्वेच्छेने गेले, आणि ज्यांची बाजू पटली त्यांच्याकडे गेले. ही मुलं ज्यांची बाजू पटत नव्हती त्यांच्याच गणवेशात होती. तुलना केली तर दोघांवरही अन्याय होईल.

मुक्तछंद

मान्य.

जुनी_पेटी

खिळेजुळणी आणि टपालखातं यांनी काम सोपं केलं. आता मूळ मुद्दा मांडतो.

पहिली चार पत्रकं हान्स आणि अलेक्झांडर दोघांची. भाषा जड, गटे, शिलर, अ‍ॅरिस्टॉटल, लाओ त्झू यांची अवतरणं. पाठवली प्राध्यापक, डॉक्टर, पुस्तकविक्रेते, खानावळवाले अशांना, म्हणजे ज्यांच्याकडून चार लोकांना कळेल. पैकी बऱ्याच प्रती घेणाऱ्यांनीच गेस्टापोला नेऊन दिल्या.

पाचवं पत्रक आखूड. अवतरणं नाहीत. 'सर्व जर्मनांना' असं संबोधन, आणि व्हाईट रोझ हे नावही गेलं. त्याजागी 'जर्मनीतील प्रतिकार चळवळ'. युद्ध जिंकता येणार नाही, फक्त लांबवता येईल, असं थेट विधान. पुढचा जर्मनी संघराज्य असावा, बोलण्याचं स्वातंत्र्य असावं, अशा मागण्या. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर यांचा मसुद्यावर हात फिरला होता.

हा बदल नुसता दुःख पाहून होत नाही. ग्झात्स्कला तीन महिने एकत्र राहिल्याने तिघांची टोळी झाली. जाण्यापूर्वी ग्राफ पत्रकांच्या कामात नव्हता. परतल्यावर तो या कामाचा तिसरा खांब होता. श्मोरेलच्या रशियनमुळे ते शेतकऱ्यांच्या घरी जात, गात, गप्पा मारत. शत्रू कसा दिसतो याचं सरकारी चित्र तिथे पुसलं गेलं. आणि सैन्य आतून किती खिळखिळं आहे हे त्यांना मुख्य मलमपट्टी केंद्रात बसून दिसलं. किती येतात, किती परत जाऊ शकतात, औषध किती उरलंय, हा हिशेब वैद्यकीय केंद्राला सेनापतीच्या आधी कळतो. म्हणून 'जिंकता येणार नाही' हे वाक्य त्यांच्या हातून इतकं साधं उतरलं असावं, असं मला वाटतं.

आल्या आल्या नोव्हेंबरात हान्स आणि अलेक्झांडर केम्निट्सला फाल्क हार्नाकला भेटले. त्याचा भाऊ आर्विड बर्लिनच्या प्रतिकार गटातला, तेव्हा अटकेत. २२ डिसेंबर १९४२ ला त्याला फाशी झाली. शहराशहरांत गट बांधायचे हा विचार तिथून पुढे धरला.

भूगोल_पक्का

सहमत. ग्राफची भर नुसती संख्येची नव्हती. त्याचे जुने कॅथलिक युवक संघटनेतले मित्र ऱ्हाईनलँडभर पसरलेले. जानेवारी १९४३ च्या उत्तरार्धात तो कोलोन, बॉन, सारब्रुकन, फ्रायबुर्ग असा फिरला. बहुतेकांनी नकार दिला. सारब्रुकनचा विली बोलिंगर तयार झाला. तो तिथल्या लष्करी रुग्णालयात वैद्यकीय शिपाई होता आणि त्याने प्रवासाचे खोटे लष्करी परवाने बनवले.

परवाना का लागतो ते सांगतो. गणवेशातल्या माणसाला गाडीत लष्करी पोलीस थांबवणार. त्यांच्या गळ्यात साखळीने अडकवलेला पत्रा असे, म्हणून शिपाई त्यांना 'साखळीचे कुत्रे' म्हणत. रजेच्या कागदावर जाण्याचं गाव, तारखा आणि तुकडीचा शिक्का. यातलं एक जरी जुळलं नाही तरी खाली उतरवणार, आणि मग सामान उघडणार. साध्या कपड्यांत गेलात तर रजेशिवाय गणवेश सोडला म्हणून वेगळा गुन्हा. सोफीसारख्या मुलीला यातलं काहीच लागू नव्हतं.

रानवाट

क्रिस्टोफ प्रोब्स्ट आघाडीवर होता का? स्थानकावरच्या प्रसिद्ध छायाचित्रात हान्स, सोफी आणि तो असे तिघे आहेत.

जुनी_पेटी

तो निरोप द्यायला आला होता. ते छायाचित्र युर्गेन विटेनश्टाइनने काढलेलं. प्रोब्स्टही वैद्यकीचा विद्यार्थी, पण हवाई दलाच्या विद्यार्थी तुकडीत, म्हणून या गाडीत त्याचं नाव नव्हतं. डिसेंबरात त्याची बदली इन्सब्रुकला झाली. तीन मुलांचा बाप असल्याने बाकीचे त्याला शक्यतो कामापासून लांब ठेवत. अटकेच्या वेळी हान्सच्या खिशात प्रोब्स्टच्या हाताने लिहिलेला पत्रकाचा मसुदा सापडला, तो मसुदा नसता तर प्रोब्स्ट कदाचित वाचला असता.

सोफीही त्या उन्हाळ्यात मोकळी नव्हती. विद्यार्थिनींना सुट्टीत युद्धसेवा सक्तीची. ती ऑगस्ट-सप्टेंबरात उल्मच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होती.

वकीलवाडा

कायद्याची बाजू राहिली. ही मुलं सेवेत असलेले सैनिक होते, तेव्हा खटला लष्करी न्यायालयात चालायला हवा होता. तिथे निकाल वेगळा लागला असता असं नाही, पण वेळ लागला असता, आणि म्युनिकचा गाउलायटर (नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख) पाउल गीसलर याला वेळ नको होता. शिक्षा ताबडतोब आणि म्युनिकमध्येच व्हायला हवी होती.

अडचण सोडवली ती अशी: आधी हान्स आणि प्रोब्स्टला सैन्यातून काढून टाकलं. नागरिक झाल्यावर ते लोकन्यायालयाच्या, म्हणजे राजकीय खटले चालवणाऱ्या नाझी न्यायालयाच्या कक्षेत आले. २२ फेब्रुवारी १९४३ ला त्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश रोलांड फ्राइसलरने बर्लिनहून येऊन सकाळी खटला सुरू केला, दुपारी निकाल दिला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला श्टाडेलहाइम तुरुंगात शिरच्छेद. अटकेपासून पाचवा दिवस.

श्मोरेल आणि ग्राफलाही असंच सैन्याबाहेर काढून १९ एप्रिलच्या दुसऱ्या खटल्यात घेतलं. १४ आरोपी, तिघांना मृत्युदंड: श्मोरेल, ग्राफ, हूबर. श्मोरेल आणि हूबर १३ जुलैला गेले. ग्राफला १२ ऑक्टोबरपर्यंत ठेवलं, कारण त्याच्याकडून ऱ्हाईनलँडमधली नावं काढायची होती. ती निघाली नाहीत.

अनवाणी

@वकीलवाडा, फाल्क हार्नाकही सैनिकच होता. तो सुटला कसा?

वकीलवाडा

त्याच खटल्यात निर्दोष. पुरावा कमी होता, आणि त्याला मोकळा सोडून तो कुणाकुणाला भेटतो ते बघायचं हाही हिशेब असावा असं मानलं जातं. बर्लिनच्या गटाशी भावाचं नातं असताना तो निर्दोष सुटावा, हे फ्राइसलरच्या न्यायालयात इतकं विरळा आहे की दुसरं कारण सुचत नाही.

शल्यक

एक छोटी नोंद. आजच्या जर्मन सैन्याची वैद्यकीय शाखा या मुलांना आपलं मानते. म्युनिकजवळ गार्शिंगमधल्या बराकीला २०१९ मध्ये, प्रोब्स्टच्या शंभराव्या जन्मदिनी, त्याचं नाव दिलं. ज्या सैन्याने त्याला खटल्यासाठी काढून टाकलं त्याचे वारस म्हणवून घ्यायचं की नाही, यावर तिथे बराच खल झालेला आहे. श्मोरेलला परदेशस्थ रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने २०१२ मध्ये संत घोषित केलं, तेही म्युनिकमध्येच.

रानवाट

नकाशात ग्झात्स्क सापडत नाहीये.

भूगोल_पक्का

'गागारिन' शोधा. १९६८ मध्ये युरी गागारिन विमान अपघातात गेल्यावर गावाचं नाव बदललं. त्याचं जन्मगाव क्लुशिनो तिथून जवळच, आणि १९४२ च्या त्या उन्हाळ्यात तो आठ वर्षांचा, जर्मनांच्या ताब्यातल्या त्याच भागात होता. स्मोलेन्स्क-मॉस्को रेल्वेमार्गावर वियाझ्माच्या पूर्वेला बोट सरकवत गेलात की मिळेल.